मायचे डोरे

बाजार समितीच्या वळणावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की वरोऱ्यातल्या बाभळी पांढऱ्या होतात. गाडीवर पायांनी दाबून भरलेला कापूस रस्त्यावर वाकलेल्या फांद्यांना घासत जातो आणि प्रत्येक काटा आपल्या वाट्याचं थोडं ओढून घेतो. विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या, म्हशींच्या शेपट्या, कशाचीच सुटका नसते. यंदा दिवाळीनंतर हैदराबादहून घरी गेले, स्टेशनाबाहेर रिक्षात बसले आणि नाकात तोच वास शिरला. सरकीचा, थोडा तेलकट, थोडा उन्हात टाकलेल्या गोधडीसारखा. शेजारी बसलेल्या बाईंच्या केसात रुईचा धागा अडकला होता. सांगावं असं वाटलं, पण नाही सांगितलं. या दिवसांत आमच्या गावात प्रत्येकाच्याच केसात काहीतरी पांढरं असतं.

वास मात्र मला थेट एका जुन्या हंगामात घेऊन गेला. बाहेर गावभर कापूस उडत होता आणि आम्ही दोघी, मी आणि माझी वहिनी, पुढच्या खोलीत बसून एका शीर्षकाशी झटत होतो, तो हंगाम.

मी तेव्हा नागपूरला एमसीए करून घरी परतले होते. कॉलेजात येऊन ज्या कंपनीनं निवडलं होतं तिनं 'कळवू' एवढंच कळवलं होतं. त्या वर्षी सगळीकडेच नोकऱ्या आटल्या होत्या. शेजारणी विचारायच्या, "काय बापा मीना, कधी जाते मंग?" आणि मी म्हणायची, "जाईन." दादा घुग्घुसकडच्या कोळसा खाणीत होता. तिथंच खोली करून राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला मोटारसायकलवर घरी यायचा. त्याचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. बाहेर गावात पांढरं उडत असायचं आणि आमच्या मोरीतून काळं पाणी वाहत असायचं.

शालूवहिनीचं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. ती वैनगंगेच्या पलीकडची, गडचिरोली जिल्ह्यातली. तिचं घर बोडीच्या काठावर, बोडी म्हणजे गावाचा लहान तलाव. वडील तिथं मासे धरायचे आणि खालच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, थोडं धान पिकवायचे. आमच्याकडे धान नाही. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन, काळी माती, ज्वारीची भाकर. वहिनीला पहिले काही महिने भाकर गिळवायचीच नाही. ती मला 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'तू'. वयानं ती मोठी, पण हे उलटं प्रकरण आमच्या घरी कुणाला खटकत नसे.

खटकायची ती तिची बोली. म्हणजे आमचीही बोली काही पुण्याची नव्हती. आम्हीही मले-तुलेच बोलायचो. पण आम्ही डोळ्याला म्हणायचो 'डोया', काळ्याला 'काया', शाळेला 'शाया'. वहिनीच्या झाडीतल्या, म्हणजे तिकडच्या धानपट्ट्यातल्या, तोंडी तेच शब्द 'डोरा', 'कारा' आणि 'सारा' होऊन यायचे. ळ नावाचं अक्षर आमच्या दोघींच्याही वाट्याला आलं नव्हतं. फक्त आमच्याकडून ते एका वाटेनं पळालं होतं, तिच्याकडून दुसऱ्या. पण सासरची चूक बरोबर असते आणि सुनेची बरोबर गोष्टही चूक. ती म्हणायची, "आत्याबाई, डोरे चुरचुरून राह्यले," की माझी आई हसत सुटायची. "डोरे म्हने! डोये म्हन बापा, डोये." आईच्या हसण्यात विष नव्हतं. पण माणूस रोज हसण्यावर नेलं की हळूहळू कमी बोलायला लागतं. वहिनी कमी बोलायला लागली होती.

घरात एक कॉम्प्युटर होता. दादानं खाणीतल्या एका साहेबाकडून जुना घेतला होता, माझ्या शिक्षणासाठी. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं तेव्हा यायचं. आणि दुपारी भारनियमन. लाइट गेली की खालचा बॅटरीचा डबा केविलवाणा ओरडायला लागायचा, आणि तो मरायच्या आत जे काही उघडलं असेल ते जपून बंद करायचं. किबोर्डच्या फटींत रुई जाऊन बसायची. मी ती केसांच्या पिनेनं काढायची.

हात चालू राहावा म्हणून मी एक ब्लॉग उघडला. मला लिहायचं काहीच नव्हतं. मला फक्त त्या पानाचा साचा, ज्याला टेम्प्लेट म्हणतात, तो आतून उघडून पाहायचा होता. कुठल्या ओळीनं रंग बदलतो, कुठल्या ओळीनं समास सरकतो, हे मला भारी आवडायचं. पण रिकाम्या पानावर रंग तरी कशाला द्यायचा? मी वहिनीला म्हटलं, "तू सांग काहीतरी. मले नुसतं भरायले पाहिजे."

"काय सांगू?"

"काही पन. तुह्या गावचं."

वहिनी शेंगा सोलत होती. सोलता सोलता तिनं बोडीबद्दल सांगितलं. पाणी उतरायला लागलं की काठाचा चिखल कसा फाटतो, त्या भेगांत पोरं हात घालून मासे कसे चाचपतात, बगळ्यांची आणि बायांची एकाच मासोळीवर कशी नजर असते. मी टाइप करत गेले. तिच्याच शब्दांत, कारण तिच्या वेगानं बोलणारीचे शब्द बदलायला वेळच नव्हता. शीर्षक काय देऊ विचारलं तर म्हणाली, "आमची बोडी. दुसरं काय रायते?"

पान प्रसिद्ध केलं आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. खालचा मजकूर ठीक होता. पण वरचं शीर्षक! तो साचा परदेशी लिपीसाठी बनवलेला. शीर्षकातल्या प्रत्येक दोन अक्षरांमध्ये त्यानं ऐसपैस जागा सोडली होती. इंग्रजीत ते झोकदार दिसत असेल. आमच्या अक्षरांची शिरोरेघ मात्र जागोजागी तुटली होती. त्यात ओळीची उंची इतकी कमी, की 'ची' आणि 'डी' यांच्या वेलांट्या वरून छाटल्या गेलेल्या.

 वहिनी म्हणाली, "म्हाताऱ्याचे दात पडल्यावानी दिसते. अन् बोडीचं छप्पर उडालं."

मी साच्याच्या आत शिरले. शेकडो ओळी, महिरपी कंस, ठिपके. शेवटी शीर्षकाची ओळ सापडली. अक्षरांमधलं अंतर शून्य केलं, ओळीची उंची वाढवली, पान पुन्हा उघडलं. रेघ जोडली गेली होती. वेलांट्या परत आल्या होत्या. 'आमची बोडी' हे दोन शब्द एका सरळ रेघेखाली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे नीट लटकत होते. वहिनीनं पडद्याला बोट लावलं आणि त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं. तिच्या तोंडावर जे उमटलं ते आमच्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा बघत होते.

मग ती रोजच बसायला लागली. इंग्रजी अक्षरांवरून मराठी कसं उमटवायचं ते शिकली. भाकरी झाल्या, आई बाजारात गेली, लाइट असली, की ती पुढच्या खोलीत. एका बोटानं, ओठ हलवत. धानाच्या पुंजण्यांवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगांवर, झोपणारी कुत्री, नव्या तांदळाची पेज, बांधीच्या कडेनं लावलेली तूर, गावात नाटक आलं की अंगावर घेतलेली एकच चादर आणि तिच्यात बसलेल्या पाच बहिणी-मैत्रिणी. मी वाचायची आणि मला भूक लागायची. मराठी ब्लॉगांची एक यादी तेव्हा इंटरनेटवर होती. नवं काही लिहिलं की त्या यादीत शीर्षक झळकायचं. अनोळखी माणसं येऊन 'छान' म्हणून जायची. वहिनीनं स्वतःचं नाव मात्र कुठंच टाकलं नव्हतं. "कोनाले काय करायचं माह्या नावाशी?"

दादा सुट्टीला आला की तिच्या मागे उभा राहून वाचायचा. "हे सगयं तू लेहलं?" म्हणून हसायचा. त्याला अभिमान वाटायचा आणि तो दाखवायची त्याला पद्धत माहीत नव्हती. म्हणून तो तिच्यासाठी घुग्घुसहून गरम जिलेबी आणायचा, घरी येईपर्यंत थंड झालेली.

एके दिवशी तिनं आईबद्दल लिहिलं. तिची आई, जनाबाई, जाळी विणायची. आता तिला डोळ्यांनी अंधुक दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू असावा, पण दाखवायला न्यायला कुणी नव्हतं, आणि वडील म्हणायचे वयाचं आहे. आता ती जाळ्याचं भोक बोटानं मोजते, डोळे भलतीकडेच असतात, असं वहिनीनं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती. माझा भाऊ गेला त्या दिवसापासून माय रस्त्याकडे पाहते, म्हणून तिचे डोळे लवकर संपले असं मला वाटते.

त्या भावाबद्दल मला थोडंच ठाऊक होतं. गुलाब त्याचं नाव. वहिनीच्या लग्नाच्या कितीतरी आधी घर सोडून गेलेला. वडिलांना तो बोडीवर हवा होता आणि त्याला शहरात काम शिकायचं होतं. मासे धरायच्या दिवशी अख्ख्या गावासमोर वडील त्याला नको ते बोलले आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. मग ना फोन, ना निरोप. वहिनीच्या लग्नात भावाचा मान चुलतभावानं केला.

त्या नोंदीला वहिनीनं शीर्षक दिलं, 'मायचे डोरे'.

दुसऱ्या दिवशी खाली एक प्रतिसाद आला. नाव नव्हतं. 'लेखन बरे आहे. परंतु डोरे असा शब्द मराठीत नाही. आत काहीही लिहा, निदान शीर्षक तरी शुद्ध असावे. शीर्षक हा लेखाचा चेहरा असतो.'

मला वाटलं वहिनी रडेल. ती रडली नाही. उठून आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झाला होता. संध्याकाळी दिवा लावल्यावर माझ्याजवळ आली.

"मीनाबाई, ते नाव काढून टाका."

"डोळे करू का?" मी विचारलं. "दोन मिनिटाचं काम हाये."

तिनं मान हलवली. "डोळे नोका करू. डोळे म्हटलं त ते दुसऱ्याच कोनाची तरी माय होते. माही नाई राह्यत."

"मग राहू दे ना तसंच."

"नाई. लोक हासतेत. घरी हासतेत ते हासतेत, आता तिथी पन." मग म्हणाली, "बदलवू पन नोका, अन् दाखवू पन नोका. होते का असं?"

असं होत होतं. साच्यात शीर्षकाच्या ओळीखाली दोन शब्द लिहिले की ते शीर्षक पानावर असूनही दिसत नाही. डिस्प्ले नन. मी ते लिहिलं. तो नियम साऱ्या पानाचा, त्यामुळे तिची सगळीच शीर्षकं एका झटक्यात नाहीशी झाली. बोडीचं गेलं, पेजेचं गेलं, पुंजण्यांचं गेलं. मजकूर तेवढा राहिला, एकाखाली एक, डोक्यावरचा पदर सरकलेल्या बायांसारखा. वहिनी बघून "बरं झालं" म्हणाली. मला ते बरं वाटलं नाही. पण पान तिचं होतं.

कापसाचा भर चालूच होता. जिनिंगची घरघर दिवसभर भिंतीतून यायची. भाव काय फुटला यावर चौकात भांडणं व्हायची. बैल रांगेत उभ्या उभ्या रवंथ करायचे आणि त्यांच्या पापण्यांवरही पांढरं असायचं. वहिनी लिहीत होती, पण पूर्वीसारखं नाही. एखादा परिच्छेद लिहायची आणि अर्ध्यात उठायची. आणि बोलताना मधेच थांबून शब्द तपासायची. "डो... डोया," म्हणायची. आईसुद्धा एकदा मला म्हणाली, "हिले काय झालं व? डोरे म्हनतच नाई आता." तिच्या आवाजात काहीतरी हरवल्याची चुटपुट होती. आईलाही त्या शब्दाची सवय झाली होती की काय कोण जाणे.

हे सगळं आज आठवताना मला त्या डिस्प्ले ननची गंमत वाटते. ते लपवतं, पण पुसत नाही. पान वाचणाऱ्या माणसाला शीर्षक दिसत नाही, पण पानाच्या पोटात ते शाबूत असतं, आणि इंटरनेटवर शोध घेणाऱ्या यंत्राला ते दिसत राहतं. माणसांचंही असंच असावं. घराघरात किती बायकांनी आपली कितीतरी अक्षरं अशी पोटात ठेवलेली असतात. मोठमोठ्या शहरांत नोकऱ्या करताना मीही 'मले' हा शब्द असाच ठेवला होता. ऑफिसात कधी दिसला नाही, आणि आईचा फोन आला की लगेच ओठांवर.

संक्रांत झाली असेल नसेल. दुपारची लाइट आली, मी कॉम्प्युटर सुरू केला. वहिनी अंगणात वाळवण उलटत होती. 'मायचे डोरे'खाली नवा प्रतिसाद होता. मी वाचला, आणि पुन्हा वाचला, आणि तिला हाक मारली. ती आली नाही म्हणून मीच ओरडून वाचायला लागले.

'मी पुण्याले लग्नपत्रिका छापाच्या दुकानात टाइपिंग करतो. काम नसलं की गावचे शब्द टाकून शोधत राह्यतो. कधी काई भेटत नाई. आज डोरे टाकलं त हे भेटलं. शोधलं तवा नाव दिसलं, अन् पान उघडलं त नाव नाई. नाव काऊन लपवलं? हे जनाबाईचे डोरे काय? बोडीच्या पारीवरचं घर? तुमी कोन? गुलाब.'

वहिनी दारात उभी होती. हाताला मुगाच्या पिठाचा चिकटा. ती खुर्चीवर बसली नाही, खाली जमिनीवरच बसली.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं.

"कोनी मस्करी करून राह्यलं असन," ती म्हणाली. "माह्या लेखात लेहलंच हाये ना सगरं. भाऊ गेला म्हून. कोनी पन लेहू शकते."

मग तिनं मला टाइप करायला सांगितलं, कारण तिचे हात पिठानं माखले होते. 'गुलाब असशीन त सांग, शालूच्या कपारावरची खून कायची हाये?'

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. भांगाच्या जरा खाली एक पांढरट चट्टा होता. इतके दिवस सोबत राहून मी कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ती सांगायची, पायरीवरून पडले. उत्तर येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. लाइट जायची, यायची. आई विचारायची, "काय झालं व दोघीले?" आणि आम्ही काही नाही म्हणायचो, कारण एकदा आशा सांगून टाकली की ती घरभर होते, आणि मग ती मोडली की घरभर मोडते.

उत्तर आलं ते एवढंच. 'गलोलीची. मीच मारली होती. मायले आपन सांगतलं पायरीवरून पडली म्हून. शालू, तू कुठी हायेस?'

तेव्हा ती रडली. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि काय झालं ते न विचारताच सुनेला छातीशी धरून बसली. मी सांगितलं तसं आईच रडायला लागली, वहिनीपेक्षा मोठ्यानं.

डोळे पुसल्यावर वहिनीनं त्याला लगेच उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"ते नाव दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच. तो विचारून राह्यला ना, नाव काऊन लपवलं म्हून. पह्यले ते दाखवा. मंग मी लेहतो त्याले."

मी ते दोन शब्द खोडले. सगळी शीर्षकं परत आली. ती म्हणाली, मोठं करा. मी मोठं केलं. अजून मोठं करा. केलं. रंग द्या, पिकलेल्या धानाचा. रंग तेव्हा आकड्या-अक्षरांच्या सांकेतिक खुणांनी द्यावा लागायचा. मी एक दिला. "हे त हरद झाली." दुसरा दिला. "हे वारलेलं तनीस हाये." तनीस म्हणजे मळणीनंतरचं धानाचं पेंढं. आई मागे उभी राहून म्हणाली, "थोडं लाल मिसळ व त्यात." तिघी मिळून आम्ही त्या रंगाच्या मागे लागलो. शेवटी एकावर वहिनी काही बोलली नाही. तोच ठेवला.

मी विचारलं, तो शुद्धलेखनवाला प्रतिसाद काढून टाकू का? ती म्हणाली, राहू द्या. त्याच्याखाली तिनं स्वतः, एका बोटानं, ओठ हलवत टाइप केलं. 'आमच्या इकडे हाये.'

गुलाबशी फोनवर बोलणं झालं तेव्हा तो आधी यायला तयार नव्हता. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, वहिनीचंच येत होतं. "बाबा काई म्हननार नाई... मले नाई मालूम काय म्हनतीन... तुले यायचं असन तर आताच ये. मायले अजून उजेड-अंधार समजते. मंग येशीन त तिले तुहा आवाजच आयकू येईन, तू दिसनार नाई."   मग पलीकडचं ऐकून ती म्हणाली, "हो. वरोऱ्यालेच उतर. इथून आपन संगच जाऊ."

तो आला. उंच, जरा वाकलेला, बोटांना शाईचे डाग. आमच्या घरात बसताना अवघडला होता. आईनं त्याला पहिल्या पाच मिनिटांत जेवायला बसवलं. ताटात भाकर पाहून तो वहिनीकडे बघून हसला, आणि वहिनी म्हणाली, "मले आता आवडते." तो माझ्याशी फक्त अक्षरांबद्दल बोलला. त्यांच्या दुकानात पत्रिकेच्या अक्षरांची रेघ जोडायला काय काय करावं लागतं ते. मी त्याला साचा दाखवला. तो ते डिस्प्ले नन बघून म्हणाला, "एवढंसंच?"

आज तो ब्लॉग आहे. साचे पुष्कळदा बदलले, आता मराठी शीर्षकं आपोआप नीट दिसतात, रेघ कुणाला जोडावी लागत नाही. वहिनी मोबाइलवर लिहिते आणि तिला वाचणारे आहेत. गुलाबभाऊंनी जनाबाईंना नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. एक डोळा परत आला, एक नाही आला. त्या एका डोळ्यानं त्यांनी पुढे बरीच वर्षं पाहिलं. लेकाचं लग्न, नातवंडं, वहिनीची मुलगी. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. यंदा घरी गेले तेव्हा वहिनीनं मला त्यांनी विणलेल्या शेवटच्या जाळ्याचा तुकडा दाखवला. भोकं लहान-मोठी होती. "एका डोऱ्यानं इनलेलं हाये," ती म्हणाली. तिची मुलगी शेजारी होती, नागपूरला शिकणारी. ती 'डोरे' ऐकून हसली नाही, तिनं जाळं हातात घेतलं.

पण मला त्या हंगामातलं सगळ्यात स्वच्छ आठवतं ते वहिनीच्या गावातलं कलत्या दुपारचं ऊन. दादानं सुट्टी टाकली होती. आम्ही चौघं एसटीनं मूल गाव, मग गडचिरोली करत करत गेलो. वाटेत कापूस संपला आणि धान सुरू झालं. कापलेल्या बांध्या, रचलेले पुंजणे, मळणीचा भुस्सा, आणि रानातून येणारी गार हवा. गुलाबभाऊ खिडकीला डोकं टेकवून बसले होते. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. 

जनाबाई अंगणात बसल्या होत्या. वहिनीचा आवाज ऐकून "शालू" म्हणाल्या. मग मान वाकडी केली, जशी पक्षी करतात. "कोन हाये संग? जावई? अजून कोनी हाये."

 गुलाबभाऊ पुढे जाऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसले. जनाबाईंनी हात पुढे केला. कपाळ, नाक, हनुवटी, मग कान. कानावर हात थांबला. त्या काही ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "किती वारला रे पोरा." वाळला, असं. आणि मग त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. वहिनीनं सांगितलं तो कसा सापडला ते. कॉम्प्युटरात लिहिलं होतं, तुह्या डोऱ्याइबद्दल, ते त्यानं पुण्यात वाचलं. जनाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माह्या डोऱ्यानं मले दिसत नाई, अन् पुन्यात दिसतेत म्हन." आम्ही सगळे हसलो, रडता रडता.

मग वडील आले. खांद्यावर जाळं, हातात मासोळीची टोपली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. कुडाच्या फाटकाशी ते थबकले. गुलाबभाऊ उठून उभे राहिले. दोघांच्या मधे अंगण होतं, त्यात वाळत घातलेलं धान. दादानं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. वहिनी तुळशीजवळ उभी होती आणि तिनं स्वतःचाच पदर मुठीत घट्ट धरला होता.

  मग वडिलांनी खांद्यावरचं जाळं कुडावर टाकलं, टोपली ओट्यावर ठेवली, आणि धानावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत न्हाणीकडे गेले. पोराजवळून जाताना थांबले नाहीत. न्हाणीच्या आडोशातून पाण्याचा आवाज आला, पायावर ओतलेल्या. आणि तिथूनच, बायकोला उद्देशून, त्यांचा आवाज आला.

"तांदूर जास्त टाक."

जनाबाई उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या, चाचपत मडक्याचं झाकण काढलं, आणि ओंजळ भरून तांदूळ काढला. मग दुसरी ओंजळ काढली. मग तिसरी.